विंगेतली मुलगी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईसमोर नाही, नवऱ्यासमोर नाही, जिच्यापाशी मी एरवी सगळं बोलते त्या मैत्रिणीसमोरही नाही. तुमच्याशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरीही लिहायला बसताना मी खोलीचं दार आतून लावून घेतलं. भर दुपार आहे. घरात कुणी नाही. मग दार कुणासाठी लावलं? मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं घाबरत आले आहे, की आता घाबरायला समोर कुणी असावं लागत नाही.

कुठून सुरू करू?

मी नाशिकच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. नाटकाचा पेपर माझ्याकडे असतो. त्यात शोकांतिका येते, आणि शोकांतिकेत बाप येतात — गर्वापायी स्वतःचं वाटोळं करून घेणारे बाप. हा माझा हातखंडा विषय. एक म्हातारा राजा आहे, त्याला मुलींच्या तोंडून आपलं कौतुक ऐकायचंय. गोड बोलणाऱ्यांना तो राज्य वाटून देतो आणि खरं बोलणारीला घालवून देतो. दुसरा राजा आहे, तो एकदा दिलेला हुकूम मागे घेत नाही. घ्यायला निघतो तोवर त्याचा मुलगा गेलेला असतो. आणि आपल्याकडचा तो आंधळा राजा — त्याला तर येऊन येऊन सगळे सांगत होते, त्याला पटतही होतं, पण मुलापुढे त्याची जीभ रेटत नव्हती. या तिघांची तुलना मी फळ्यावर रकाने आखून शिकवते. पहिला खोट्यावर विश्वास ठेवतो, दुसरा खऱ्यावर ठेवत नाही, तिसरा दोन्ही ऐकून गप्प बसतो. मुलं भराभर उतरवून घेतात.

मागे एकदा एका मुलीनं हात वर केला. निफाडहून रोज एस.टी.नं येणारी, एरवी कधी न बोलणारी मुलगी.

"मॅडम, पण खोटं तर मुली बोलल्या ना? मग शोकांतिका बापाची कशी?"

वर्ग हसला. मीही हसले. "परीक्षेत बापाबद्दलच विचारतात," म्हणाले आणि फळ्याकडे वळले. हातातला खडू फळ्यावर टेकवला, तर त्याचा बारीक टकटक आवाज यायला लागला. तास संपेपर्यंत मी मुलांकडे तोंड केलं नाही.

माझे बाबा सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर होते. शिफ्टची नोकरी. पण त्यांची खरी ओळख नोकरीची नव्हती. कारखान्यातल्या, आसपासच्या कॉलनीतल्या हौशी लोकांचा एक नाट्यसंघ त्यांनी जमवला होता. दर वर्षी एक नाटक स्पर्धेला उतरवायचे. दिग्दर्शक तेच, मुख्य भूमिकाही त्यांचीच. आवाज असा, की शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालली असताना रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायची. घरात मात्र तो आवाज चढला, तर आई हातातलं काम खाली ठेवायची. बाबांनी मला कधी मारलं नाही. ते बघायचे. काही चुकलं की बोलायचं थांबायचे आणि नुसते बघत राहायचे, आपण आपली चूक स्वतः कबूल करेपर्यंत. मी लहानपणी न केलेल्या चुकाही कबूल केल्या आहेत, ते बघणं संपावं म्हणून.

त्यांचे मित्र दत्ताकाका. त्याच कारखान्यात प्रेस मशीनवर होते. मूळचे सायखेड्याचे. आमच्याकडे आले की "लय भूक लागली वहिनी, हाय का काही?" करत थेट स्वयंपाकघरात. आणि हाच माणूस स्टेजवर पाय ठेवला की असं शुद्ध, घोटीव बोलायचा, की बघणाऱ्याला दोन दत्ताकाका आहेत असं वाटावं. बाबा आणि ते एका स्कूटरवरून कामाला जायचे, एका स्कूटरवरून तालमीला. बाबांना "तू" म्हणणारं, त्यांच्या तोंडावर "वसंता, हे चुकतंय" म्हणणारं जगात ते एकच माणूस होतं.

मी एम.ए.ला होते त्या वर्षी बाबांनी त्या म्हाताऱ्या राजाचं नाटक घेतलं. जुनं मराठी रूपांतर होतं. बाबा राजा, दत्ताकाका त्याचा एकनिष्ठ प्रधान. आणि खरं बोलणारी धाकटी राजकन्या — ती मी. स्वतःहून मागायची माझी हिंमत नव्हती, बाबांनीच दिली. मला किती आनंद झाला होता, हे आज सांगायलाही जड जातं. भांडी घासताना मी ती वाक्यं म्हणायचे. आई म्हणायची, "अगं, हळू, शेजारी काय म्हणतील." मला वाटायचं, आता बाबा माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील.

तालमी चांगल्या चालल्या होत्या असं माझं मत होतं. एक दिवस, सगळे हजर असताना, बाबांनी माझं वाक्य मध्येच तोडलं.

"शुभदा, खाली ये."

मी खाली आले.

"ही मुलगी खरं बोलतेय, असं लोकांना वाटायला हवं. तू बोलतेस ते ऐकू येतं, खरं वाटत नाही." मग इतरांकडे वळून, अगदी सहज, "माझी मुलगी आहे म्हणून चालवून घेतलं असतं, तर तुम्हीच नावं ठेवली असती." राजकन्या बँकेत काम करणाऱ्या एका मुलीला गेली. संहिता माझ्या हातात आली. "विंगेत उभी राहा. प्रॉम्प्टिंगला कुणीतरी हवंच आहे."

मी मान हलवली. रडले नाही. दत्ताकाका मागाहून म्हणाले, "मनावर नको घेऊ पोरी, त्याचं तसंच हाय." मी हसले. विंगेत जाऊन उभी राहिले.

पुढच्या तालमींत आणखी एक गोष्ट होऊ लागली. बाबा मध्येच अडायचे. रोज नाही, कधीतरी. शिफ्टचा थकवा, दिग्दर्शनाची धावपळ, राजाची लांबलचक भाषणं — अडणं काही नवलाचं नव्हतं. मी वाक्य द्यायचे. आणि बाबा भडकायचे. "पॉज घेतोय मी! पॉज आणि विसरणं यातला फरक कळत नाही तुला? एम.ए. करतेस ना?" सगळ्यांसमोर. मग पुढचं वाक्य — जे मी नुकतंच दिलेलं असायचं — ते दिमाखात म्हणायचे.

पण फरक मला कळत होता. चांगला कळत होता. बाबा पॉज घ्यायचे तेव्हा त्यांचं सगळं अंग स्थिर असायचं. विसरायचे तेव्हा उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरायला लागायचा, जपमाळ ओढल्यासारखा. हे फक्त मला दिसायचं, कारण विंगेत त्या बाजूला मी उभी असायचे.

इथे मला थांबावंसं वाटतंय. पुढचं मी मनातल्या मनात इतक्या वेळा वेगळं करून सांगितलंय, की खरं कुठलं ते शोधून काढावं लागतं. सांगते.

प्रयोगाच्या दिवशी बाबा रात्रपाळी करून आले होते. कुणीतरी आजारी पडलं म्हणून ऐनवेळी गळ्यात पडलेली पाळी. आई म्हणत होती, "जरा आडवे व्हा." ते सेट लावायला निघून गेले. संध्याकाळी तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. पहिला अंक उत्तम गेला. दुसऱ्या अंकात राजा मुलींच्या घरी अपमान होऊन बाहेर पडतो आणि प्रधानापुढे उभा राहून बोलतो, तिथे बाबांचं सगळ्यात मोठं भाषण होतं. सुरुवात होती — "राज्य दिलं, पण राजेपण दिलेलं नाही." एवढं एक वाक्य हाती आलं की पुढचं सगळं भाषण त्यांच्या जिभेवर होतं.

बाबा पुढे आले. प्रकाश त्यांच्यावर आला. आणि ते गप्प उभे राहिले.

मी संहितेवर बोट ठेवलं. तोंड उघडलं. आणि मनात आलं — पॉज असेल तर? परत ओरडतील, आता तर लोकांसमोर. ती भीती खरी होती. तेवढी खरी होती. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की मी घाबरले म्हणून गप्प राहिले.

पण मग मला त्यांचा अंगठा दिसला.

अंगठा बोटांवरून फिरत होता. म्हणजे मला कळलं होतं. त्यानंतर भीतीचा प्रश्न उरला नव्हता. वाक्य माझ्या ओठांवर होतं, हळू आवाजात म्हटलं तरी पोचलं असतं. दत्ताकाका माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. आणि बाबांनी मान वळवली. प्रकाशातून विंगेतल्या अंधाराकडे — माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या डोळ्यांत भीती होती. माझ्या बाबांच्या डोळ्यांत! ते माझ्याकडे मागत होते.

मी खाली संहितेकडे बघितलं. जणू मला काही दिसलंच नाही.

आणि मला बरं वाटलं. हे आहे ते. इतकी पानं मी याच शब्दांभोवती फिरतेय. मला बरं वाटलं — छातीत काहीतरी सुटावं, मोकळं व्हावं, तसं. ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहावेत असं मला वाटलं.

दत्ताकाकांनी सावरायचा प्रयत्न केला. "महाराज, आपण काही बोलणार होतात..." असं काहीतरी पदरचं घातलं. मागच्या रांगांतून कुणीतरी शिट्टी मारली. हसू फुटलं. बाबांनी डोक्यावरचा मुकुट काढला, हातात घेतला आणि पलीकडच्या विंगेतून निघून गेले. पडदा पाडावा लागला.

ग्रीनरूममध्ये ते आरशाकडे पाठ करून बसले होते. चिकटवलेली दाढी अर्धी निघालेली. सगळे भिंतीला टेकून उभे. मी दारात आले तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"तू वाक्य दिलं नाहीस?"

ओरडले नाहीत. खरोखर विचारत होते. आणि आता मात्र मी घाबरले. खरं बोलायला हीच वेळ होती, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं —

"दिलं होतं, बाबा. दोनदा दिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंतही."

शेवटचं वाक्य मला कुठून सुचलं? मी ते ठरवलं नव्हतं. पण त्या वाक्यानंच सगळं केलं. कारण त्यांनी बघितलं होतं, हे त्यांना आठवत होतं. मी वाक्य दिल्याचं तेवढं आठवत नव्हतं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दोनदा?"

मी मान हलवली.

त्यानंतर आमच्या घरात भीती राहायला आली. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, कान उत्तम आहेत म्हणाले. आई खूश झाली. बाबा जिना उतरताना कठड्याला धरून थांबले आणि म्हणाले, "मग वाक्य गेलं कुठे?"

कान ठीक, म्हणजे डोकं. त्यांनी तसाच हिशेब लावला. दुसरा कुठला लावणार? मुंबई नाक्याजवळच्या मेंदूच्या डॉक्टरांनी वेगवेगळे प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, डोक्याचे फोटो काढले. मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, "यांना काहीही झालेलं नाही. थकवा असेल. मुलीनं वाक्य दिलंच नसेल कदाचित, गडबडीत राहून जातं." ते हसत हसत म्हणाले, पण माझे कान तापले. बाबा खुर्चीत ताठ बसले. "माझी मुलगी खोटं कशाला बोलेल?" म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेनांकडे बघत होते.

दत्ताकाका त्यानंतर घरी आले. रविवार होता, आई चहा करत होती, मी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते. बाहेर काकांचा आवाज.

"वसंता, तू उगाच डॉक्टर करत फिरतो. तुझं डोकं एकदम ठीक हाय. मी पोरीपासून हातभर लांब होतो. तिनं वाक्य दिलंच नाय. माझ्या कानावर काय सुदिक आलं नाय."

"म्हणजे शुभदा खोटं बोलते?"

"तसं नाय म्हणत मी. घाबरली असंल. लेकरू हाय. तिला इचार ना. माझ्यासमोर इचार."

ट्रेमधल्या कपांचा आवाज होऊ नये म्हणून मी ट्रे पोटाशी धरला. चहा सांडून हातावर आला. भाजलेलं मला नंतर कळलं. मी वाट बघत होते — बाबा हाक मारतील, मी बाहेर जाईन, आणि मग?

बाबांनी हाक मारली नाही. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"विचारायची गरज नाही. ऊठ, दत्ता."

"वसंता —"

"माझ्या घरात बसून माझ्या मुलीवर आळ घेतोस? ऊठ म्हणतो ना!"

दत्ताकाका उठले. दारात चपला घालताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघावी तसं. मी उभी राहिले. ते गेले.

मी स्वतःला फार वर्षं सांगत आले, की बाबांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. त्यांच्या गर्वानं त्यांना विचारू दिलं नाही, माझा काय दोष? तर तेही खोटं आहे. त्या दारात उभी असताना माझ्या जिभेवर "दिलं होतं" हेच शब्द तयार होते.

दोघं पुन्हा बोलले नाहीत. एका कारखान्यात, एका कॅन्टीनमध्ये, आणि बोलले नाहीत. नाट्यसंघ मोडला. बाबांनी लवकर निवृत्ती घेतली — मशिनवर काही विसरलो तर कुणाचा हात जाईल, म्हणाले. स्कूटर मामाला देऊन टाकली. बाहेर निघाले की फाटकातून परत यायचे, गॅस बघायला. दुपारी खिडकीपाशी बसून पुटपुटायचे. एकदा मी जवळ जाऊन ऐकलं, तर बसचे थांबे म्हणत होते. आयटीआय, त्र्यंबक नाका, सीबीएस, शालिमार, रविवार कारंजा, पंचवटी. मग उलटे. एकही चुकला नाही. तरी संपल्यावर त्यांच्या कपाळावर घाम असायचा.

आणि माझं बोलणं. मी काहीही बोलले — मीठ द्या, दिवा लावू का — तरी ते हातातलं टाकून पूर्ण माझ्याकडे वळायचे आणि माझ्या ओठांकडे बघायचे. पुन्हा माझा एखादा शब्द निसटू नये म्हणून. त्या बघण्यानं मी घरात बोलणं कमी केलं. लग्न होऊन गंगापूर रोडला राहायला गेले, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पण फोन वाजला की मनात यायचं: दत्ताकाका भेटले असतील. बाबांना आठवलं असेल. आई विचारेल. रोज कुठला ना कुठला फोन असायचाच.

एकदा मी माहेरी गेले असताना बाबा गच्चीत कपडे काढायला माझ्यामागे आले. माझ्या मुलीचा फ्रॉक घडी करत करत म्हणाले, "शुभा, त्या दिवशी तू नक्की दिलं होतंस ना?"

वारा होता. दोरीवरची चादर आमच्या मध्ये फडफडत होती. त्यांचा चेहरा दिसत होता, जात होता. पोर आईकडे ज्या विश्वासानं बघतं, तसा तो चेहरा. मी म्हणू शकले असते. कुणी ऐकायला नव्हतं. पण तोवर त्यांनी मित्र तोडला होता, नाटक सोडलं होतं, नोकरी सोडली होती. नाही म्हटलं, तर हे सगळं कशासाठी, असं ते विचारणार. आणि मग ते गप्प होऊन माझ्याकडे बघणार, लहानपणी बघायचे तसं.

"हो, बाबा."

"मोठ्यानं?"

"हो."

त्यांनी फ्रॉकची घडी माझ्या हातात दिली. "मग माझंच काहीतरी गेलं," म्हणाले आणि खाली उतरले.

बाबा गेले ते हृदयविकारानं, एका सकाळी, पेपर वाचता वाचता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईला जुने आजार विचारले. विस्मरणाचा त्रास होता का? आई म्हणाली, "नाही हो. सगळं आठवायचं त्यांना. नुसती भीती होती." ते खरं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या वडिलांना सगळं आठवत होतं. जो आजार त्यांना कधी झालाच नाही, त्याच्या भीतीत ते जगले.

इथवर मी एका वेळी केलेलं आणि मग न निस्तरलेलं सांगितलं. मागच्या हिवाळ्यातलं अजून राहिलंय.

बाबांच्या जुन्या नाट्यसंघातल्या उरलेल्या लोकांनी त्यांच्या नावानं एक व्याख्यान ठेवलं आणि मला बोलावलं. विषय माझाच — शोकांतिकेतले गर्विष्ठ बाप. मी नेहमीसारखी बोलले. म्हातारा राजा, हुकूम मागे न घेणारा राजा, आपला आंधळा राजा. लोक रंगले होते. आणि मग — मला टाळता आलं असतं, कुणी आग्रह केला नव्हता — मी चौथा बाप घेतला. माझे वडील, म्हणाले. किती मोठा नट होता, पण विंगेतून वाक्य घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं. जिवाभावाचा मित्र समजूत घालायला आला, त्यालाही घालवून दिलं. गर्वानं माणूस असा संपतो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. या वेळी मी बोलले ते ऐकूही गेलं आणि खरंही वाटलं.

गर्दी पांगत होती तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारा माणूस काठी टेकत पुढे आला. मी ओळखलं. दत्ताकाका. सगळं ऐकलं होतं त्यांनी. आता इथे, सगळ्यांसमोर बोलणार. मी दाराकडे बघितलं. दार लांब होतं.

"चांगलं बोललीस पोरी," ते म्हणाले.

"काका, बसा ना."

"बसत नाय. एक सांगायचं राहून गेलंय, तेवढं सांगतो." त्यांनी कानाला हात लावला. कानात यंत्र होतं. "हे बसवलं अलीकडं. डॉक्टर म्हणला, प्रेस मशिनच्या आवाजानं तुमचे कान तरुणपणीच गेलेत, तुम्हाला कळलं नाय इतकंच. म्हणजे तवाच गेले असतील. तू वाक्य दिलं असशील. मलाच आलं नसंल ऐकू. अन् मी वसंताच्या घरात जाऊन तुझ्यावर आळ घेतला. त्यानं हाकललं ते बरोबरच केलं. त्याला सांगायचं राहिलं. तुला तरी सांगतो." आणि त्या माणसानं काठी काखेत धरून माझ्यासमोर हात जोडले. "चुकलं माझं. माफ कर."

मी त्यांचे हात माझ्या दोन्ही हातांत घेतले.

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. आजूबाजूला माणसं होती, पण कुणी ऐकत नव्हतं.

"जाऊ द्या, काका," मी म्हणाले. "मी केव्हाच विसरले."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि काठी टेकत, हलकं होऊन, ते निघून गेले. मला हायसं वाटलं. हे सांगायलाच हवं — मला तेव्हाही हायसं वाटलं.

दत्ताकाका अजून आहेत. पंचवटीत मुलीकडे राहतात. तिथल्या कारंज्यावरून आत वळलं की तिसरी गल्ली, मला घर माहीत आहे. रिक्षानं फार वेळ लागत नाही. कानातल्या यंत्रामुळे त्यांना आता सगळं नीट ऐकू येतं, अगदी हळू बोललेलंसुद्धा.

मी गेलेले नाही. आज हे सगळं लिहून झाल्यावरही, मी जाईन असं मला वाटत नाही.